या मुलांचा दिवस विम्याबाहेर का?

कुठलीही आरोग्य विम्याची पॉलिसी उघडा. न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत एक कलम हमखास सापडते, कारण विमा नियामकानेच ते सगळ्या कंपन्यांना एका साच्यात घालून दिले आहे. रुग्णाला आंघोळ घालणे, कपडे चढवणे, उठवणे-बसवणे ही शुश्रूषा घरी झालेली असो वा शुश्रूषागृहात, अगदी प्रशिक्षित परिचारिकेने केलेली असली तरी तिचे पैसे मिळणार नाहीत, असे ते सांगते. नुसत्या विश्रांतीची बिले विम्याच्या माथी मारली जाऊ नयेत, हा हेतू रास्त आहे. पण मुलाच्या गळ्यात श्वासासाठी बसवलेली नळी साफ करणे म्हणजे आंघोळ घालणे नव्हे. त्या शुश्रूषेचा खर्च मागायला गेले, तर हे कलम तरी पुढे येते, नाही तर ‘मूल चोवीस तास रुग्णालयात दाखल नव्हते’ हे उत्तर.

फार अपुऱ्या दिवसांचे, जन्मानंतर कित्येक महिने व्हेंटिलेटरवर काढलेले एखादे मूल घरी येते, तेव्हा त्याच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवलेली असते. दुधासाठी पोटात दुसरी. उशाशी ऑक्सिजनचे यंत्र. गळ्यातल्या नळीत कफ साचला की घरघर सुरू होते आणि सक्शन मशीनने तो ओढून काढावा लागतो, दिवसातून कितीतरी वेळा. नळी पुरती तुंबलीच, तर ती काढून दुसरी बसवायला मोजकी मिनिटे हातात असतात. म्हणून त्याच मापाची एक आणि थोडी लहान मापाची एक, अशा दोन नळ्या कायम हाताशी ठेवायच्या. वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ टिकेल, हाही हिशोब डोक्यात असतो. हे सगळे बहुतेक घरांत आई करते, आणि त्यासाठी आधी तिची नोकरी जाते.

नोकरी टिकवायची, तर तिने मूल ठेवायचे कुठे? मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. तिथल्या मावशींना सक्शन येत नाही, त्यामुळे त्या या मुलाला घेत नाहीत, आणि त्यांचे चुकतही नाही. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना थेरपीचा खर्च देते, पण वर्षाला एक लाखापर्यंत आणि चारच प्रकारच्या अपंगत्वांना.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात या मुलांसाठी वेगळी दिवसकेंद्रे आहेत. त्यांना राज्याचा परवाना लागतो, तिथे परिचारिका असतात, थेरपी तिथेच मिळते. डॉक्टरांनी लिहून दिल्यावर मूल दिवसा जास्तीत जास्त बारा तास तिथे राहते आणि संध्याकाळी आपल्या घरी जाते. गरीब कुटुंबांसाठी असलेली मेडिकेड योजना त्याचे पैसे भरते. डॉक्टरने औषध लिहून द्यावे, तशीच ही शुश्रूषा लिहून दिली जाते. ती उपचारच आहे, हे तिथल्या कायद्याने मान्य केले.

विमा कंपन्यांवर सक्ती कशी करायची, हा प्रश्न आपल्या संसदेने एकदा सोडवलेला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारांइतकेच संरक्षण मानसिक आजारांनाही देणे प्रत्येक विमा कंपनीला बंधनकारक केले. चोवीस तासांची अटही अढळ नाही. मोतीबिंदू आणि डायलिसिससाठी ती कधीच शिथिल झाली आहे. हप्ते वाढतील, ही ओरड होईल. होऊ दे. ही मुले थोडी आहेत आणि भार कोट्यवधी पॉलिसीधारकांत वाटला जाणार आहे. शिवाय शुश्रूषेत कसूर झाली की हेच मूल न्यूमोनिया होऊन अतिदक्षता विभागात परत येते, आणि ते बिल कंपनी आजही निमूट भरते.

नियामकाने शुश्रूषेचा खर्च नाकारणाऱ्या त्या कलमात या मुलांपुरता अपवाद घालावा. कोणते मूल यात बसते, हे बालरोगतज्ज्ञांच्या लेखी शिफारशीवर ठरावे. आपल्याकडे निघणाऱ्या अशा दिवसकेंद्रांना परवाना आणि तपासणी हवीच, नाही तर उद्या कुणीही चार पाळणे मांडून बिले फाडील. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही हा खर्च बसवावा, कारण खासगी पॉलिसी नसलेल्या आईची गरज तसूभरही कमी नाही. आणि केंद्रे उभी राहीपर्यंत तीच रक्कम घरी येणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेवर खर्च करता यावी. मुंबई-पुण्यात एखादे केंद्र लवकर निघेलही. गडचिरोली-नंदुरबारच्या मुलांनी तोवर थांबायचे कसे?