डिबेटमध्ये 'जिंकलं' कोण, हे ठरवायचं कसं? वर्ध्यात न विचारलेला एक प्रश्न

निवडणूक जवळ आली की नागपुरात 'इच्छुक' हा शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो. सदरच्या चौकाचौकात इच्छुकांचे फ्लेक्स लागतात, पक्षाच्या कार्यालयात बंद दाराआड मुलाखती होतात आणि शेवटच्या क्षणी कुणाच्या तरी हातात एबी फॉर्म पडतो. मुलाखतीत कोण काय बोललं, हे पक्षाच्या साध्या कार्यकर्त्यालाही कळत नाही.

अमेरिकेत हीच मुलाखत टीव्हीवर होते. एकाच पक्षाचे इच्छुक शेजारी शेजारी उभे राहतात, पत्रकार प्रश्न विचारतात आणि नंतर त्या पक्षाचे सामान्य मतदार उमेदवार निवडतात. याला म्हणतात प्रायमरी डिबेट. ती संपली की लगेच सुरू होतं, 'आज कोण जिंकलं?'

हा निकाल बऱ्याचदा फसवा असतो. फेब्रुवारी 2016 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या डिबेटमध्ये ख्रिस ख्रिस्ती यांनी मार्को रुबियो यांना असं पकडलं की रुबियो तेच पाठ केलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्या रात्रीचे विजेते ख्रिस्ती होते, यावर फारसं दुमत नव्हतं. तीन दिवसांनी मतदान झालं. रुबियो पाचवे आले आणि ख्रिस्ती सहावे! दुसऱ्याच दिवशी ख्रिस्ती शर्यतीतून बाहेर पडले. 2019 मध्ये कमला हॅरिस यांनी जो बायडन यांना डिबेटमध्ये निरुत्तर केलं, पण डिसेंबर उजाडेपर्यंत त्यांची मोहीमच गुंडाळली गेली. आणि 2024 च्या उमेदवारीसाठी डोनाल्ड ट्रम्प एकाही प्रायमरी डिबेटला गेले नाहीत, तरी उमेदवारी त्यांनाच मिळाली.

मग डिबेटचा उपयोग काय? मला वाटतं, रिक पेरी यांचं उदाहरण इथे जास्त कामाचं आहे. नोव्हेंबर 2011 मध्ये टेक्ससचे हे गव्हर्नर म्हणाले की मी आलो तर तीन सरकारी खाती बंद करीन. दोन नावं सांगितली, तिसरं काही केल्या आठवेना. शेवटी 'उप्स' म्हणून थांबले. ती क्लिप आजही फिरते. विसरलेलं खातं होतं ऊर्जा. पुढे 2017 मध्ये ट्रम्प यांनी त्यांना नेमकं तेच खातं दिलं, तेव्हा सुनावणीत पेरी यांनी सांगितलं की या खात्याचं काम समजून घेतल्यावर ते बंद करण्याच्या सूचनेचा मला खेद वाटतो. म्हणजे 2011 मधली खरी अडचण नाव विसरण्याची नव्हतीच. जे खातं बंद करायला निघाले होते, त्याचं काम त्यांना पुरतं ठाऊक नव्हतं. लोकांनी गुण कापले ते मात्र विसरण्याचे.

वर्ध्यात काय झालं?

आपल्याकडे प्रायमरी झालीच नाही, असं नाही. राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने 2014 च्या लोकसभेसाठी देशात मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला. महाराष्ट्रात लातूर आणि सदरपासून सुमारे 75 किलोमीटरवरचं वर्धा. मत द्यायचं होतं ते पक्षाचे पदाधिकारी आणि स्थानिक लोकप्रतिनिधी यांनी, सामान्य मतदारांनी नाही.

वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस समोरासमोर आले. (घराणेशाहीला उत्तर म्हणून आणलेल्या प्रयोगात दोन घराणी, हेही तसं वऱ्हाडी वास्तवच.) मेघे जिंकले. लोकसभेत मात्र भाजपच्या रामदास तडस यांनी त्यांना सुमारे 2 लाख 15 हजार मतांनी हरवलं. लातूरमध्ये प्रायमरी जिंकलेले दत्तात्रय बनसोडेही अडीच लाखांहून अधिक मतांनी पडले.

मोदी लाटेत हरणं समजू शकतं. पुढचं बघा. निकालानंतर काही आठवड्यांतच दत्ता मेघे मुलांसह भाजपमध्ये गेले. ज्यांना पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी मतपेटीतून निवडलं, ते त्याच वर्षी समोरच्या पक्षात! 'हरलात तर पक्षात राहणार का?' हा साधा प्रश्न भर सभेत विचारून त्याचं उत्तर नोंदवलं गेलं असतं, तर निदान नंतर ते दाखवता आलं असतं. टोकस पक्षातच राहिल्या. 2019 मध्ये त्यांना वर्ध्याचं तिकीट मिळालं, पण तडस यांच्यापुढे त्याही हरल्या.

डिबेट मागितली, पण...

ऑक्टोबर 2022 मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी शशी थरूर उभे राहिले. प्रचाराच्या सुरुवातीलाच ते नागपुरात दीक्षाभूमीवर आले होते. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाच्या नेतेपदासाठी झाल्या तशा जाहीर चर्चा व्हाव्यात, असं त्यांचं म्हणणं. मल्लिकार्जुन खरगे यांनी त्यात पडायचं नाकारलं. निकाल: खरगे 7,897, थरूर 1,072, अवैध 416.

डिबेट झाली असती तर हा निकाल फिरला असता, असं मला अजिबात वाटत नाही. प्रतिनिधींचा कल आधीच दिसत होता. पण दोघांची उत्तरं नोंदीवर आली असती. बूथ पातळीवरची संघटना कोण बांधणार, तिकिटं कुठून ठरणार, दिल्लीतून की जिल्ह्यातून? या प्रश्नांवर दोघांत नेमका काय फरक होता, हे मत देणाऱ्या हजारो प्रतिनिधींपैकी किती जणांना सांगता आलं असतं?

नागपूर महापालिकेत 151 जागा आहेत. सगळ्या पक्षांचे मिळून त्यासाठी किती इच्छुक मुलाखती देतात, याचा अंदाज करा. यातली एक जरी मुलाखत सदरच्या एखाद्या सभागृहात लोकांसमोर झाली, तर तुम्ही काय बघाल? टाळ्या कुणाला पडल्या, ते सोडून द्या. टाळ्या वाजवणारे सोबत आणता येतात. अडखळला कोण, तेही सोडा. 'पार्किंगचा प्रश्न सोडवू' म्हणणाऱ्याला विचारा, जागा कुठली, पैसा महापालिकेचा की राज्याचा, आणि मंगळवारी झोनच्या कार्यालयात यासाठी तुम्ही आजवर किती वेळा गेलात? त्यानंतर वर्ध्यातला राहून गेलेला प्रश्न विचारा: तिकीट नाही मिळालं, तर उद्या कुठल्या पक्षात दिसाल? फोनचा कॅमेरा तेवढा चालू ठेवा.