जहाजावर पैसे लागत नाहीत म्हणे!

"क्रूझवर पैसे लागतच नाहीत, सगळं तिकिटात असतं." हे वाक्य मी गेल्या वर्षभरात ऑफिसच्या कँटीनपासून धरमपेठेतल्या लग्नाच्या पंगतीपर्यंत किमान दहा वेळा ऐकलंय. आपण नागपूरकर. समुद्र आपल्यापासून आठशे किलोमीटर लांब, फुटाळ्यावर बोट दिसली तरी आपण खूष! त्यामुळे क्रूझचं कौतुक असणं साहजिक आहे. २०१८ मध्ये आंग्रिया मुंबई-गोवा धावू लागली, २०१९ मध्ये जलेशची कर्णिका आली. दोन्ही टिकल्या नाहीत. २०२१ पासून कॉर्डेलिया आहे. विदर्भ एक्सप्रेसनं सीएसएमटीला उतरायचं, टॅक्सीनं बॅलार्ड पिअर गाठायचं, की झालं. ज्यांना परवडतं ते सिंगापूरहून जातात. जावं, जरूर जावं. माझं भांडण जहाजाशी नाही, त्या वाक्याशी आहे.

पैसे लागतात हो. फक्त दिसत नाहीत.

होतं काय, की चढतानाच तुमचं क्रेडिट कार्ड घेतात, त्यावर काही रक्कम अडवून ठेवतात आणि हातात एक प्लास्टिकचं कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. जेवण-नाश्ता तिकिटात असतो, कबूल. पण दारू, खास रेस्टॉरंट, स्पा, वायफाय, फोटो, किनाऱ्यावरची सहल हे सगळं बहुधा वेगळं. परदेशी जहाजांवर माणशी, दर दिवशी टिपसुद्धा आपोआप खात्यात पडते. शेवटच्या रात्री किंवा सकाळी हिशोब.

आता मंडळी, जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघा. जहाजाचा बार समुद्राच्या मध्यभागी तुमच्या बँकेला काहीही विचारत नाही. ती वही जहाजाची स्वतःची, जहाजावरच चालते, नेटवर्क असो नसो. उत्तम डिझाइन! आणि तुमची बाजू? ओटीपी, बँकेचं ॲप, एसएमएस, यूपीआय... सगळ्याला रेंज लागते. किनारा सुटला की रेंज गेली. जहाजावरचं मोबाइल नेटवर्क असलंच, तर त्याचं रोमिंग वेगळं आणि भयंकर महाग. म्हणजे खर्च करायची यंत्रणा ऑफलाइन चालते आणि खर्च थांबवायची यंत्रणा ऑफलाइन बंद पडते. हा योगायोग नाही म्हणत मी, पण सोयीचा कोणाला आहे ते दिसतंच आहे.

इथे बर्डीवर वीस रुपयांचा चहा प्यायला तरी फोन टिंग करतो. जहाजावर दहा वेळा कार्ड दाखवा, टिंग नाही. बँकेचा मेसेज येतो तो एकदम, गोळा झालेल्या रकमेचा.

बरं, ही युक्ती नवी नाही. १९५० साली सुरू झालेल्या क्लब मेड या फ्रेंच कंपनीच्या सुट्टीगावांत लोक गळ्यात प्लास्टिकचे मणी घालून फिरायचे आणि बारमध्ये मणी तोडून द्यायचे. कविकल्पना सुंदर, पण मणी देताना पैसे दिल्यासारखं वाटत नाही! एमआयटीच्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग छापला. बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव केला. काहींना सांगितलं रोख द्यायची, काहींना क्रेडिट कार्ड. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट! माणसं तशीच, तिकिटं तीच. फरक फक्त खिशातून नोट निघताना होणाऱ्या त्या बारीकशा दुखण्याचा. ते दुखणं म्हणजे बग नाही राव, ते फीचर आहे.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "अरे, हजारो प्रवासी, प्रत्येक बारवर सुटे पैसे कोण मोजणार? चोऱ्या होतील." मुद्दा खरा आहे. मी गल्ला ठेवा म्हणतच नाहीये. पण मग बहुतेक मोठ्या परदेशी जहाजांवर कॅसिनोत नोटा बिनबोभाट कशा चालतात? तिथे मोजायला वेळ मिळतो वाटतं! अडचण रोखीची नाही, रोख कुठे सोयीची ठरते याची आहे.

दुसरं उत्तर आमच्या पिढीचं: "ज्याला परवडत नाही त्यानं जाऊ नये." हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ओळखीतलं एक कुटुंब आई-बाबांना पहिल्यांदा समुद्र दाखवायला घेऊन गेलं होतं. बाबा निवृत्त, आयुष्यभर महिन्याचा हिशोब डायरीत लिहिणारे. कशाचे पैसे पडतात आणि कशाचे नाही हे त्यांना कळेना, आणि मुलाला सारखं विचारणं बरं वाटेना. "काऊन विचारू त्याले दर वेळेस?" असं आईजवळ म्हणाले. मग त्यांनी दोन दिवस चहासुद्धा मागितला नाही. चहा तिकिटातच होता! पैसे दडवले की उधळ्या माणूस जास्त उधळतो आणि जपून वागणारा माणूस हक्काचंही सोडून देतो. हा प्रश्न परवडण्याचा नाही, मानाचा आहे.

तेव्हा जाणार असाल तर काही गोष्टी नागपुरातच उरकून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशात चालतं. परदेशातला वापर आपणच सुरू करावा लागतो. तो घरून सुरू करा आणि तिथेच मर्यादाही घाला. समुद्रात तोच तुमचा एकमेव ब्रेक. डेबिट कार्ड देऊ नका, अडवलेली रक्कम म्हणजे तुमचे खरे पैसे, आणि ते सुटायला दिवस लागतात. जहाजावर क्रेडिट कार्डाने रोख काढायची वेळ आणू नका. त्यावर शुल्क तर पडतंच, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून सुरू.

परदेशी जहाज असेल तर बिल डॉलरमध्ये की रुपयांत असं विचारतील. "रुपयांत" म्हणजे आपुलकी नव्हे, दर त्यांचा. तुमच्या बँकेचा अधिभार, साधारण दोन ते साडेतीन टक्के, माहीत तरी असतो. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत घेता येतात, पण तेवढ्या लागत नाहीत. बंदरावरची टॅक्सी, नारळपाणी, छोटं दुकान यांच्यापुरत्या लहान नोटा घ्या. भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंत बाहेर नेता येतात (नेपाळ-भूतानचे नियम वेगळे). परतल्यावर मुंबईत लागतातच. आणि रोज संध्याकाळी काउंटरवर जाऊन चालू बिलाची प्रत मागा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

पण सगळी जबाबदारी प्रवाशावरच का? माझं म्हणणं जहाज कंपन्यांना आहे. रोख अनामत ठेवणाऱ्याकडे संशयानं बघू नका. प्रत्येक कार्डावर रोजची मर्यादा आधीच घातलेली असू द्या. ज्याला वाढवायची त्यानं सांगावं. मेनूवर कर आणि सेवाशुल्क धरूनच किंमत छापा. आणि प्रत्येक वेळी कार्ड दाखवल्यावर एकूण आकडा समोर दिसू द्या. यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. आमच्यातला कुठलाही ज्युनिअर पोरगा एका आठवड्यात लिहून देईल. न लिहिण्याचं कारण तांत्रिक नाही, एवढंच.

तोवर जहाजावर पैसे लागत नाहीत असं कुणी सांगितलं, की त्याला त्याचं शेवटच्या दिवसाचं बिल मागा.