भाड्याचें बिऱ्हाड

गृहस्थाश्रमास गृह हवें, हें शास्त्रानें सांगावयास नको. परंतु तें विकतच घ्यावें, असें कोणीं सांगितलें आहे? मुंबईंत वरळी, नायगांव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथें सरकारनें १९२० नंतर बी.डी.डी. चाळी बांधल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची, शौचकूप सामायिक, वरच्या मजल्यास तीन जिने. तरीहि अल्प भाड्यांत कामकरी कुटुंबांस तेथें आसरा मिळाला. २०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या, लिफ्ट असलेल्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याहि मालकी हक्कानें. गुडघे धरून जिना चढणाऱ्या वृद्धांच्या या आनंदांत मी समवयस्क या नात्यानें सहभागी आहें.

परंतु उद्यां गांवाहून येणाऱ्या नवख्यानें कोठें राहावें? भाडेकरू मालक झाला, हें उत्तमच. पण भाड्याची एक खोली कमी झाली. म्हणून प्रत्येक नव्या वसाहतींत कांहीं घरें माफक भाड्यासाठींच राखावीं, आणि वृद्ध-अपंगांस पायरीवांचून आंत जातां येईल अशीं तीं असावीं. शहरांतील आपला पहिला संसार कोठें थाटला होता, हें वाचकांनीं घरांतील वडील मंडळींस एकदां विचारून पाहावें.