बदकाचे पीस दुय्यम कोणी ठरवले?

१/ भंडारा हा तलावांचा जिल्हा. तरीही गळाने मासे धरण्याच्या कलेचा इतिहास सांगताना त्याचे नाव कोणी घेत नाही. त्यामागे दोन रूढ समजुती आहेत. पहिली, ही कला साहेबाने आणली. इथल्यांकडे होते ते केवळ पोट भरण्याचे साधन. दुसरी, पिसांच्या कृत्रिम माशीला खरे पीस कोंबड्याच्या मानेचेच. बदकाचे पीस म्हणजे नाइलाज. दोन्हींच्या मुळाशी चूक एकच. एका पाण्याचा नियम सर्व पाण्यांना लावला गेला.

२/ गळाच्या दांड्याभोवती पीस गुंडाळले की त्याचे तंतू चोहीकडे उभे राहतात आणि कीटकाच्या पायांचा भास होतो. या गुंडाळलेल्या पिसाला हॅकल म्हणतात. कोंबड्याच्या मानेचे पीस अरुंद, लांब आणि ताठ असते. वेगवान ओढ्यात ते माशीला पृष्ठभागावर तोलून धरते. ट्राउट माशाच्या थंड, वाहत्या पाण्यासाठी याहून चांगले पीस क्वचितच सापडेल. हे निर्विवाद आहे.

३/ बदकाच्या कुशीचे पीस रुंद आणि मऊ असते, त्याचा कणाही जाड. म्हणून एका बाजूचे तंतू सोलून ते गुंडाळावे लागते. भिजल्यावर तंतू मागे झुकतात आणि पाणी किंचित हलले तरी थरथरतात. तरंगणाऱ्या माशीसाठी हा दोष आहे. पाण्याखाली ओढल्या जाणाऱ्या माशीसाठी हाच गुण आहे. पिसाची परीक्षा पाणी कोणते, यावर ठरते.

४/ ‘परंपरा कोंबड्याचीच’ हा दावाही अर्धवट आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी एलियन या लेखकाने मॅसिडोनियातील मासेमारांचे वर्णन केले. त्यांच्या गळावर तांबडी लोकर आणि कोंबड्याच्या गलोलीखालची दोन पिसे होती. परंतु १४९६ मध्ये इंग्लंडात छापल्या गेलेल्या गळमासेमारीवरील प्रसिद्ध ग्रंथात बारा माश्यांची कृती आहे आणि त्यांतील काहींचे पंख नर बदकाच्या पिसांचे आहेत. छापील इंग्रजी परंपरेच्या पहिल्याच पायरीवर बदक उभे आहे.

५/ पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील ज्युरा पर्वताच्या परिसरात बदकाच्या तैलग्रंथीभोवतीची बारीक पिसे वापरात आली. त्यांचे सूक्ष्म तंतू हवा धरून ठेवतात, त्यामुळे माशी तरंगते. ‘बदकाच्या पिसाची माशी बुडते’ हा सरसकट निकाल इथे त्याच पक्ष्याने खोटा ठरवला. पीस कोणत्या पक्ष्याचे, याइतकेच ते शरीराच्या कोणत्या भागाचे, हेही महत्त्वाचे.

६/ मग दुय्यमपणा आला कुठून? प्रतिष्ठेतून. एकोणिसाव्या शतकात सॅमन माशासाठी बांधलेल्या इंग्रजी माश्या दुर्मीळ, परदेशी पिसांनी नटू लागल्या. भारतातील राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरील ठिपकेदार पिसे त्यांत मानाची ठरली. पिसांचा व्यापार इतका बोकाळला की १९०२ मध्ये भारत सरकारने वन्य पक्ष्यांची पिसे व कातडी निर्यात करण्यावर बंदी घातली. ज्याला आज ‘अस्सल परंपरा’ म्हणतात, तिचा मोठा भाग साम्राज्याच्या बाजारपेठेचा आहे.

७/ साहेबाने कला आणली, ही समजूतही तपासावी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (सुमारे ११२९) या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि त्यांना गळाने धरण्याची रीत त्यात आली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. एच. एस. थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक निघाले १८७३ मध्ये, म्हणजे साडेसातशे वर्षांनी.

८/ आता भंडारा. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने इथे तलाव आणि बोड्या बांधल्या, धानाला पाणी दिले. पुढे त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, नाव राहिले. हे साचलेले, उबदार, वनस्पतींनी भरलेले पाणी आहे. हवा घेण्यासाठी वर येणारा मरळ इथला शिकारी मासा. या पाण्याला ट्राउटच्या ओढ्याचे मोजमाप लावणे म्हणजे बैलगाडी नावेच्या वल्ह्याने हाकणे होय. हलणारे मऊ पीस इथेच शोभते.

९/ या पाण्याचे जाणकार म्हणजे ढिवर. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात धीमरांची नोंद ‘जात’ म्हणून झाली. साहेबाच्या गळाची नोंद मात्र ‘क्रीडा’ म्हणून होत राहिली. मासा एकच, पण एकाच्या ज्ञानाला जातीचा रकाना मिळाला आणि दुसऱ्याच्या विरंगुळ्याला ग्रंथालय. ढिवर पिसांच्या माश्या बांधत होते, असा प्रतिदावा रचण्याची गरज नाही. जाळे, गळ, बांबूचे सापळे आणि तलावाच्या ऋतूंची जाण हा स्वयंपूर्ण इतिहास आहे.

१०/ एक मर्यादा अटळ आहे. बदकाचे पीस म्हणजे पाळीव बदकाचे, जे एरवी उकिरड्यावर जाते. तलावावरची अडई वा हळदीकुंकू बदक हा कोणाच्या छंदाचा कच्चा माल नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेच्या शिकारीला जागा उरलेली नाही. रानकोंबड्याच्या पिसांचा धडा बदकांवर पुन्हा गिरवला, तर दुय्यम ठरेल ते पीस नव्हे, माणूस.

११/ म्हणून ‘अस्सल’ हा शब्द वाचला की इतिहासाच्या अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या पाण्यासाठी अस्सल? ते पीस कोणत्या वाटेने आले? आणि ज्यांनी ते पाणी राखले, त्यांचे नाव कोणत्या रकान्यात लिहिले गेले?