रक्तात असतं हो त्यांच्या!

युरोप पाहून परतलेला मराठी माणूस बरोबर तीन वस्तू हमखास आणतो : चॉकलेटे, फ्रीजवर चिकटवायचा आयफेल टॉवर आणि एक वाक्य. चॉकलेटे आठवड्यात संपतात. टॉवर महिन्याभरात फ्रीजमागे पडतो. वाक्य मात्र जन्मभर टिकते. ते वाक्य असे : "अहो, जुनं जपणं त्यांच्या रक्तातच असतं!" यानंतर एक सुस्कारा. त्या सुस्काऱ्यात वाक्याचा उत्तरार्ध दडलेला असतो : "आणि आपल्या रक्तात ते नाही."

माझे या वाक्याशी भांडण आहे. साक्षीदार म्हणून मी एक गावच हजर करतो.

गावाचे नाव व्हेझले. पॅरिसच्या आग्नेयेला, बर्गंडी प्रांतात, एका टेकडीवर वसलेले. वस्ती पाचशेच्या आत. एवढी माणसे आपल्याकडे बेताच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसतात. गाडी खाली ठेवायची आणि एकाच मुख्य रस्त्याने वर चढायचे. रस्त्यात पितळी शिंपले बसवलेले दिसतात. स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची ती खूण. त्यांची एक वाट इथूनच निघते. म्हणजे वारीच म्हणा ना! दोन्ही बाजूंना दगडी घरे आणि माथ्यावर मेरी मॅग्डालेनचे बाराव्या शतकातले भव्य देऊळ.

आमच्या बसमधल्या एका काकूंनी त्या चढावर दोनदा थांबून गुडघे दाबले, एकदा रस्ता निरखला आणि म्हणाल्या, "एक कागद दिसेल तर शपथ!" शेजारचे निवृत्त इंजिनीअर लगेच म्हणाले, "रक्तात असतं हो त्यांच्या!" देवळाच्या दारापर्यंत हे वाक्य तीनदा झाले. आरतीची तरी तीन कडवी वेगवेगळी असतात.

ठीक आहे. मग ते रक्त आपण तपासूनच घेऊ.

हे देवस्थान भरभराटीला आले ते मेरी मॅग्डालेनचे अवशेष इथे आहेत या श्रद्धेवर. ११४६ साली संत बर्नार्ड यांनी दुसऱ्या क्रूसेडची हाक दिली ती याच टेकडीच्या उतारावरून, खुद्द फ्रान्सच्या राजासमोर. पण १२७९ साली प्रोव्हान्समधल्या एका गावाने जाहीर केले, की खरे अवशेष आमच्याकडे आहेत! 'मूळ देवस्थान हेच, आमची इतरत्र शाखा नाही' ही पाटी काही पुण्यातच निघाली असे नाही. यात्रा तिकडे वळली. १५६९ साली धर्मयुद्धाच्या धामधुमीत देऊळ लुटले गेले. लुटणारे परके नव्हते, चांगले फ्रेंच होते. १७८९ च्या क्रांतीनंतर मठाच्या इमारती विकल्या आणि पाडल्या गेल्या. त्याच बर्गंडीतल्या क्ल्युनीचे चर्च एके काळी ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे होते. १७९८ साली ते विकले गेले आणि पुढची कित्येक वर्षे लोकांनी त्याचा दगड बांधकामाला नेला. आज त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे. सांगा आता, तेव्हा ते रक्त कुठे वाहत होते?

मग व्हेझले वाचले कसे? याचे उत्तर इतके रुक्ष आहे, की कोणी ते पर्यटनाच्या पुस्तिकेवर छापणार नाही. सरकारने एक जागा भरली म्हणून वाचले.

१८३० साली फ्रेंच सरकारने 'ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक' असे एक पद निर्माण केले. १८३४ साली त्या खुर्चीवर प्रॉस्पेर मेरिमे नावाचा लेखक आला. ज्या 'कारमेन'वर पुढे ऑपेरा झाला, ती कथा याचीच. आणि – इथे मराठी वाचकाने श्वास रोखून धरावा – तो खुर्चीवर बसून राहिला नाही! त्याच उन्हाळ्यात तो दौऱ्यावर निघाला. व्हेझलेच्या देवळात चित्र काढत बसला असताना वरून बारीक दगड सुटून आजूबाजूला पडत होते. त्याने तसे अहवालात लिहिले आणि बजावले, की आणखी उशीर केलात तर अपघात टाळण्यासाठी हे देऊळ पाडावे लागेल.

अहवाल गेला आणि सहा वर्षे गेली. फायली तिकडेही चालतच होत्या, धावत नव्हत्या. अखेर १८४० साली काम सोपवले गेले ते व्हियोले-ल-द्युक या २६ वर्षांच्या पोराकडे. वास्तुकलेच्या शाळेत तो कधी गेला नव्हता आणि एवढे मोठे काम त्याने आधी केलेले नव्हते. आपल्याकडे त्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडकला असता. त्याने १८५९ पर्यंत, म्हणजे १९ वर्षे, ते देऊळ सावरले. त्याने मूळ फार बदलले म्हणून जाणकार त्याला आजही बोल लावतात. दर्शनी दारावरचे शिल्प तर सरळ १८५६ चे, त्याच्या काळातले. काकू तिथे हात जोडून म्हणाल्या, "आठशे वर्षांपूर्वीचं!" मी गप्प राहिलो. देवळाच्या दारात वाद घालू नये.

पुढे कायदा आला तो १९१३ साली. १९४३ पासून संरक्षित वास्तूच्या भोवती साधारण ५०० मीटरपर्यंत घरमालकाला खिडकी बदलायची झाली तरी सरकारी वास्तुतज्ज्ञाची संमती लागते. रक्तातच असते, तर या ५०० मीटरांची गरज काय होती? कायदा करावा लागतो तो माणसाला जे मनापासून करायचे नसते त्यासाठी. 'रोज जेवलेच पाहिजे' असा कायदा कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आता आतल्या दारावरचे शिल्प पाहा. हे मात्र खरेखुरे बाराव्या शतकातले. मधोमध ख्रिस्त आणि भोवती पृथ्वीच्या टोकाला राहणारे चित्रविचित्र लोक : कुत्र्याच्या तोंडाचे, सुपाएवढ्या कानांचे, शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके. यातले कुत्र्याच्या तोंडाचे लोक कुठले, ठाऊक आहे? हिंदुस्थानातले! टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने इराणच्या दरबारात बसून, हिंदुस्थानात पाऊल न टाकता, तसे लिहून ठेवले आणि पुढची पंधराशे वर्षे लोक तेच घोकत राहिले. आम्ही त्या शिल्पाखाली उभे राहून हसलो. पण आपले 'रक्तात असतं' हेही तसलेच शिल्प आहे. परक्याला कुत्र्याचे तोंड लावले काय आणि देवाचे लावले काय, चौकशी न करता लावले ही गोष्ट तीच.

चौकशी करणारा माणूसही याच गावात राहून गेला. रोमाँ रोलाँ १९३८ पासून १९४४ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत याच रस्त्यावरच्या एका घरात राहत होते. त्यांनीही हिंदुस्थान कधी पाहिला नाही. पण त्यांनी वाचले, माणसांना विचारले, पत्रे लिहिली आणि मग गांधीजी, रामकृष्ण व विवेकानंद यांची चरित्रे लिहिली. त्या घरात आता चित्रसंग्रहालय आहे. आमच्या मंडळींना तिथे जायला वेळ नव्हता. आईस्क्रीम घ्यायचे होते.

हे वाक्य लोकांना इतके का आवडते, ते मी सांगतो. रक्त बदलता येत नाही. त्यामुळे एकदा दोष रक्ताचा ठरला, की आपल्याला काही करावे लागत नाही. सुस्कारा सोडला की कर्तव्य संपले. निरीक्षकाची जागा मात्र भरता येते, अहवाल मागता येतो, गवंड्याला पैसे देता येतात. म्हणून ते बोलायचे नाही! व्हेझलेत आधी निरीक्षक आला, मग गवंडी, मग कायदा. जागतिक वारशाचे सन्मानपत्र आले ते १९७९ साली, सगळ्यांच्या शेवटी. आपल्या मराठा काळातल्या १२ किल्ल्यांना ते २०२५ साली मिळाले. आनंदच आहे. पण सन्मानपत्राने तटाच्या भेगा बुजत नाहीत.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणी सुस्कारा सोडून रक्ताची गोष्ट काढली, तर त्यांना चहा द्या, चॉकलेट घ्या आणि एवढेच विचारा : आपल्या गावच्या जुन्या देवळाचा मेरिमे कोण, तो शेवटचा कधी येऊन गेला आणि त्याने काय लिहिले? उत्तर येत नसेल, तर दोघांनी मिळून एक अर्ज लिहा. रक्ताची तपासणी नंतर करू.