विषाणूचे औषध आणि त्याचा यजमान

प्रतिजैविके एकामागून एक निष्प्रभ ठरू लागल्याने जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंकडे, म्हणजेच बॅक्टेरिओफेजकडे, वैद्यकाचे लक्ष पुन्हा वळले आहे. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू नाश पावतात, ही हँकिन यांची १८९६ मधील नोंद प्रसिद्धच आहे. तिबिलिसी येथे १९२३ मध्ये स्थापन झालेली एलियावा संस्था आजही या उपचाराचे केंद्र मानली जाते.

पेठ वडगावसारख्या बाजारगावाच्या परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. दुभत्या जनावराला कासदाह, म्हणजे दगडी, झाली आणि औषध लागू पडले नाही, तर दूधही जाते आणि पैसाही. पशुपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली, ती जीवाणूंच्या वाढत्या प्रतिकारशक्तीमुळेच. उद्या पर्याय म्हणून विषाणूंचे औषध आले, तर बाटलीतील विषाणू पिढ्यान्‌पिढ्या तोच राहील काय, हे प्रथम विचारावे लागेल.

त्याचे उत्तर विषाणूइतकेच यजमान जीवाणूतही दडलेले आहे. टी-४ हा विषाणू डीएनएची नक्कल करणारे विकर स्वतःच बाळगतो. एम-१३ सारखा लहान विषाणू मात्र यजमानाच्या यंत्रणेवर विसंबतो. ती यंत्रणा सदोष असेल, तर विषाणूतील उत्परिवर्तने वाढतात. फाय-एक्स-१७४ चे उदाहरण अधिक बोलके आहे. ई. कोलाय हा जीवाणू नकलेतील चुका दुरुस्त करताना 'जीएटीसी' या चार अक्षरांच्या खुणेवरून मूळ धागा ओळखतो. या विषाणूच्या ५,३८६ अक्षरांत ती खूणच नाही. साहजिकच त्याच्या चुका दुरुस्तीवाचून राहतात. स्पेनमधील संशोधकांनी ती खूण मुद्दाम घातली, तेव्हा उत्परिवर्तनाचा वेग घटल्याचे २०११ मध्ये दिसून आले.

तेव्हा परवाना देताना केवळ विषाणू तपासून भागणार नाही. तो कोणत्या जीवाणूत वाढविला, त्या जीवाणूची दुरुस्तीयंत्रणा शाबूत आहे काय, याचीही नोंद सक्तीची हवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. यजमान वाण जतन करण्याची विद्या राज्याला नवी नाही. विरजणाची पारख केल्यावाचून दह्याची हमी देता येत नाही, हे दुधावर जगणाऱ्या मुलखाला सांगावयास नको. औषध-नियंत्रकांनीही हाच न्याय लावावयास हवा.