कार्डाच्या भरवशावर दंडार ठेवू नका

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयाने गेल्या काही वर्षांत झाडीपट्टीतल्या दंडारीची, खडी गंमतीची ध्वनिमुद्रणे आणि जुन्या शाहिरांच्या वह्यांचे फोटो एका संगणकावर गोळा केले. त्यातले तीन-चार गाणारे आता हयात नाहीत. हे गेले की गेलेच.

आता वर्गणीतून लिनक्सचा सर्व्हर घ्यायचे ठरले आहे. दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवायचा, एक बिघडली तरी दुसरी चालावी, याला 'रेड' म्हणतात. इथवर ठीक. पण दुकानदाराने समितीच्या गळी उतरवले आहे की, त्यासाठी वेगळे कार्डच पाहिजे. कोटेशनात कार्डाची किंमत दोन्ही डिस्कांपेक्षा जास्त! आमचा पुण्याचा भाचाही म्हणतो, "मामा, सॉफ्टवेअर रेड म्हणजे गरिबाचं काम."

अरे, ते मुळात गरिबाचेच होते! १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधात 'रेड'मधला 'आय' होता 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा समूह. पुढे धंदेवाल्यांनी त्याचा 'इंडिपेंडंट' केला. (एका अक्षरात केवढे राजकारण असते, ते भाषेच्या मास्तराला लगेच दिसते.)

कार्ड घेतले की डिस्कांवरची मांडणी त्या कार्डाच्या पद्धतीची. ते जळाले तर बहुधा त्याच कंपनीचे, त्याच जातीचे दुसरे शोधा. सात-आठ वर्षांनी ते गोंदियात सोडा, नागपुरात तरी मिळेल का? म्हणजे कुलूप आपले आणि किल्ली दुकानदाराकडे. लिनक्सच्या पद्धतीत मांडणीची नोंद डिस्कांवरच असते. यंत्र जळाले तर डिस्क काढा, दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकाला लावा. 'एमडीएडीएम' नावाचा फुकटचा प्रोग्राम नोंद वाचून त्या पुन्हा जोडतो.

प्रोसेसरवर ताण येतो म्हणे! दोन डिस्कांवर तेच उतरवण्यात गणित आहे कुठे?

बॅटरीवाल्या कार्डाचा एक गुण मात्र मान्य. वीज गेली तर लिहायचे राहिलेले ते सांभाळून ठेवते. बँकेत, जिथे क्षणाक्षणाला नोंदी पडतात, तिथे त्याला अर्थ आहे. आमच्याकडे महिन्यातून चार मुद्रणे चढतात. त्याला साधा यूपीएस पुरे, आणि तो कार्ड घेतले तरी घ्यावाच लागणार.

शिवाय कोणी चुकून फाइल पुसली तर दोन्ही डिस्क आज्ञाधारकपणे पुसतात. कार्ड असो वा नसो. म्हणून त्याच पैशांत तिसरी डिस्क घ्या, दर महिन्याला नक्कल करा आणि ती दुसऱ्या गावी ठेवा. आमच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टरची दुसरी प्रत त्याच कपाटात ठेवत, आणि वाळवी दोन्हींना एकदमच लागे!

रविवारी समितीची बैठक आहे. कोटेशनातली कार्डाची ओळ तांबड्या पेनाने खोडूनच कागद नेणार आहे. भाच्याला भांडायचे असेल तर त्याने शनिवारपर्यंत फोन करावा.